गुणानुक्रम आणि मंजुरी

गिरगावातल्या चाळींपासून परळ-लालबागच्या गिरणगावापर्यंत, ज्या घरात नुकतेच दहावी, बारावी किंवा पदवीचे एखादे वर्ष उत्तीर्ण झालेले मूल आहे, त्या घरात जून-जुलै हे दोन महिने एका कागदाची वाट पाहण्यात जातात. आणि तो कागद निकालाचा नसतो, कारण निकाल लागून पेढे वाटून झालेले असतात, प्रवेशाची धावपळ संपलेली असते, आणि कॉलेजच्या खिडकीतल्या कारकुनापुढे पहिल्या सत्राची फी, कोणाकडून तरी हातउसनी घेऊन, भरलेलीही असते. राहिलेली असते ती शिष्यवृत्तीची मंजुरी. निकालाला निदान एक तारीख असते, ती चार दिवस आधी जाहीर होते, आणि त्या दिवशी काय ते एकदाचे कळते. मंजुरीला बहुधा तारीख नसते, आणि तिच्याविषयी चौकशी करावी तर कोणत्या दप्तरात करावी हेही पुष्कळदा ठाऊक नसते.

ही प्रतीक्षा किती लांबावी हे विद्यार्थ्याच्या गुणांवर अवलंबून असते असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुतः ते शिष्यवृत्तीचा पैसा कोणत्या खजिन्यातून येतो यावर अवलंबून असते. कोणा परलोकवासी दात्याच्या ठेवीचे व्याज, कोणा हयात संस्थानिकाची किंवा उद्योगपतीची मर्जी, आणि सरकारच्या अंदाजपत्रकातील तरतूद असे हे तीन प्रमुख खजिने. प्रत्येकाची देण्याची रीत निराळी, आणि म्हणून प्रत्येकापुढे वाट पाहत उभे राहण्याची रीतही निराळी. मुंबईत हे तिन्ही प्रकार गेल्या दीडशे वर्षांत, आणि तेही एकमेकांपासून फार दूर नसलेल्या गल्ल्यांत, घडलेले असल्यामुळे या विषयाचा विचार करावयास या शहरासारखे दुसरे सोयीचे स्थळ नाही.

ठेवीच्या शिष्यवृत्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती. नाना शंकरशेट (१८०३–१८६५) हे गिरगावचे. त्यांच्या वाड्यावरून जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनपासून १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठापर्यंत या शहरातील शिक्षणाची जी जी संस्था उभी राहिली तिच्या पायाशी त्यांचा हात होता. १८४९ साली मुलींची शाळा काढावयाची ठरली तेव्हा तिला त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली, आणि त्यापूर्वी दोनच वर्षे, उच्च शिक्षणाचे माध्यम इंग्रजीच असावे असा आग्रह शिक्षणमंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांनी धरला असता, देशी भाषांच्या बाजूने जे सभासद ठामपणे उभे राहिले त्यांत हे अग्रभागी होते. इंग्रजी अंमलाशी सलोख्याने वागणाऱ्या या व्यापाऱ्याने भाषेच्या प्रश्नावर मात्र माघार घेतली नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ जी शिष्यवृत्ती सुरू झाली ती संस्कृत विषयासाठीच का असावी याचा उलगडा होतो.

अशा शिष्यवृत्तीची घडण मुळात अत्यंत साधी असते. दात्याने किंवा त्याच्या वारसांनी एक रक्कम विद्यापीठाच्या स्वाधीन करावयाची, विद्यापीठाने ती सरकारी कर्जरोख्यांत गुंतवावयाची, आणि मुद्दलास कधीही हात न लावता दरवर्षी येणाऱ्या व्याजाचे ठरावीक भाग करून ते ठरावीक अटींनुसार वाटावयाचे. या एका रचनेतून पुढील सर्व परिणाम आपोआप निघतात. व्याज ठरलेले, म्हणून शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली. संख्या ठरलेली, म्हणून निवड गुणानुक्रमाने. आणि निवड गुणानुक्रमाने, म्हणून शेवटच्या उत्तरपत्रिकेचे गुण कायम होईपर्यंत पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी कोण हे कोणासही, अगदी परीक्षकासही, सांगता येत नाही. उत्तीर्ण होणे हा ज्याचा त्याचा हिशेब असतो. पहिले येणे हा इतर सर्वांच्या गुणांवर अवलंबून असलेला हिशेब असतो. मूल परीक्षेहून घरी येऊन ‘पेपर चांगला गेला’ म्हणते त्या वाक्याला गुणानुक्रमाच्या बाबतीत म्हणूनच फारसा अर्थ नसतो, कारण तो त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या शाळेत कोणाला तरी अधिक चांगला गेलेला असू शकतो.

या प्रकारात अर्ज करावा लागत नाही ही मोठी सोय. कोणाचा दाखला नाही, शिफारस नाही, वडिलांच्या पगाराची चौकशी नाही. परीक्षेला बसावयाचे आणि स्वस्थ राहावयाचे. जुन्या मॅट्रिकच्या काळात निकाल वर्तमानपत्रांत बैठक-क्रमांकांनिशी छापून येत, आणि ज्या घरी शंकरशेट शिष्यवृत्तीची आशा असे त्या घरी आपला क्रमांक सापडल्यावरही समाधान होत नसे, कारण यादीत असणे आणि यादीच्या शिरोभागी असणे यांतले अंतर कळावयास आणखी काही दिवस जात. ‘शंकरशेट मिळाली’ एवढे दोन शब्द दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा गिरगावच्या गायवाडीत उच्चारले की पुढे काही विचारावे लागत नसे. कोणत्या विषयात, कितवा क्रमांक, हे ऐकणाऱ्यास समजलेले असे. शाळांतील संस्कृतचे शिक्षकही नववीपासूनच एखाददुसरा विद्यार्थी हेरून ठेवीत आणि शाळा सुटल्यावर त्याच्याकडून रूपे घोटून घेत. ती शिकवणी फुकट असे, आणि यशाचे अर्धे श्रेय शिक्षकाच्या नावे जमा होई, ते योग्यच होते.

वामन शिवराम आपटे १८७३ साली मॅट्रिक झाले ते ही शिष्यवृत्ती मिळवून, आणि पुढे १८९० मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, जो आजही संस्कृतच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. १९१२ सालच्या मॅट्रिकमध्ये चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे सर्व विद्यापीठात पहिले आले आणि पहिली शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. रायगडाच्या पायथ्याच्या नाते गावी जन्मलेला हा मुलगा पुढे केंब्रिजला गेला, १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत पहिला आला, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, आणि हे सर्व सांभाळून त्याने मेघदूताचे मराठीत पद्य भाषांतर केले. गुणानुक्रमाने निवडलेला मनुष्य पुढे काय करतो याची परीक्षा क्वचितच इतकी समाधानकारक उतरते. मात्र अशी उदाहरणे सांगताना पहिल्या क्रमांकाला एका गुणाने मुकलेला दुसरा मुलगाही तितकाच बुद्धिमान असतो ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. ठेवीच्या व्याजाला अपूर्णांक समजत नाहीत, विद्यार्थ्याच्या योग्यतेला ते पुष्कळ असतात.

ठेवीचे आणखी एक दुखणे आहे, ते कालांतराने उघडे पडते. मुद्दल रुपयांत बांधलेले असते आणि रुपयाची किंमत बांधलेली नसते. ज्या काळी सामान्य कारकुनाचा संसार तीसचाळीस रुपयांत चाले त्या काळी दरमहा काही रुपये विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची आणि पुस्तकांची सोय करीत. तीच रक्कम आज त्याच्या एका दिवसाच्या प्रवासालाही पुरणार नाही. परिणामी जुन्या शिष्यवृत्त्या हळूहळू पारितोषिके होतात, आणि पारितोषिके होता होता केवळ प्रशस्तिपत्रे. १९४९ पासून मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली, शिष्यवृत्ती शालान्त परीक्षेला जोडली गेली, पुढे मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणेच बंद केले, आणि आता संस्कृतात शंभरपैकी शंभर गुण मिळवणारी मुले इतकी असतात की पहिला कोण हा प्रश्नच पुसट झाला आहे. तरीही नाव टिकले आहे, आणि त्या नावाची प्रतीक्षा करणारी घरेही. पैशाचे प्रयोजन संपल्यावरही मान शिल्लक राहतो, हे त्या दात्याच्या दृष्टीने भाग्यच म्हणावयाचे.

शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे ती टिकलीच असेही नाही. विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले ते चौघे, रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. त्यांतले रानडे आणि भांडारकर हे एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो होते, म्हणजे पेशवाईत दर श्रावणात पुण्यास वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रज सरकारने जी विद्यावेतने निर्माण केली त्यांचे मानकरी होते. याच कॉलेजात शिकत असता रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना करून इंग्रजी राज्यास उणे ठरविले, तेव्हा प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, अशी हकीगत त्यांच्या चरित्रांत सांगितलेली आहे. ग्रँटसाहेब वाईट शिक्षक नव्हते, आणि रानड्यांच्या बुद्धीची त्यांना पारख नव्हती असेही नव्हे. परंतु ज्या खजिन्यातून वेतन येते त्या खजिन्याच्या धन्याविषयी काय लिहावे याचा एक अलिखित नियम त्या वेतनाला जोडलेला असतो, आणि तो नियम बहुधा मोडल्यावरच कळतो. ज्या पेशव्यांच्या पैशातून हे वेतन उभे राहिले त्यांच्या राज्याची बाजू घेतल्याबद्दलच ते थांबावे, यातला विरोधाभास त्या काळी कोणी बोलून दाखविला की नाही कोण जाणे.

दुसऱ्या खजिन्याचा, म्हणजे हयात दात्याच्या मर्जीचा, विचार करावयाचा तर परळला जावे लागते. देशमुखांच्या पाच वर्षे आधी, १९०७ साली, एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. त्यांचे वडील सुभेदार रामजी आपल्या कुटुंबासह परळच्या डबक चाळीत राहत. घरातली एकच खोली, तिच्यातच चूल, सरपण आणि धूर, उशाशी जाते आणि पायथ्याशी शेळी, अशा स्थितीत मुलगा लवकर निजे आणि वडील रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून स्वतः झोपत, मग तो मिणमिणत्या दिव्यापुढे पहाटेपर्यंत वाची, असे धनंजय कीरांनी त्यांच्या चरित्रात वर्णन केले आहे. मॅट्रिकच्या परीक्षेत भीमरावांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले.

हा आकडा वाचून थोडे थांबावे. गुणानुक्रमाच्या कोणत्याही यादीत या गुणांना जागा नव्हती. शंकरशेट तर नाहीच, पण विद्यापीठाच्या कोणत्याही ठेवीचे व्याज या मुलापर्यंत पोहोचले नसते. ज्या परिस्थितीत ते गुण मिळाले तिची नोंद गुणपत्रिकेत नसते, आणि ज्या वर्गात पाण्याच्या भांड्याला हात लावण्याचीही मुभा नाही त्या वर्गात शिकून मिळवलेल्या गुणाचे मोल निराळे धरावे असा नियम कोणत्याही विद्यापीठाच्या पुस्तकात नव्हता. गुणानुक्रम निःपक्षपाती असतो, पण तो दिलेल्या उत्तरांपुरताच. उत्तरे लिहिणारा मनुष्य कोठून चालत आला हे त्याला दिसत नाही.

ते दिसले कृष्णराव अर्जुन केळुसकरांना. हे शिक्षक, मराठीतील शिवचरित्राचे कर्ते, चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी फिरावयास येत, आणि शाळा सुटल्यावर त्याच बागेत येऊन एकटाच पुस्तक वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेस पडला होता. मॅट्रिकच्या यशाबद्दल सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली जी अभिनंदनाची सभा भरली तिच्यात केळुसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र भेट दिले. परंतु पुस्तक देणे निराळे आणि कॉलेजचा खर्च चालविणे निराळे. रामजींचे निवृत्तिवेतन तुटपुंजे, कर्ज वाढत चाललेले. तेव्हा केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या भेटीचा योग घडवून आणला. महाराजांनी अस्पृश्य समाजातील होतकरू विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी साहाय्य करण्याचे मुंबईतल्या एका सभेत बोलून दाखविले होते, आणि केळुसकरांनी तो शब्द स्मरणात ठेवला होता. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली, आणि दरमहा पंचवीस रुपये मंजूर केले.

येथे निर्णयाला क्षणाचाही विलंब लागला नाही. पण त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी बागेतली ओळख, सभेतला शब्द, शिक्षकाची चिकाटी आणि महाराजांचा मुंबईतला मुक्काम इतक्या गोष्टी एकत्र याव्या लागल्या, आणि त्यांपैकी एकही मुलाच्या हातची नव्हती. मर्जीच्या शिष्यवृत्तीत प्रतीक्षा मंजुरीची नसून दरवाजापाशी पोहोचण्याची असते. ज्यांना कोणी केळुसकर भेटले नाहीत त्या मुलांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत, म्हणून त्यांची संख्याही सांगता येत नाही.

१९१२ च्या अखेरीस बी. ए. ची परीक्षा देऊन आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले न झाले तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी मुंबईत देह ठेवला. त्याच सुमारास महाराजांच्या मनात काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविण्याचे चालले होते. आंबेडकर त्यांना मुंबईत भेटले, अर्ज करण्यास सांगण्यात आले, अर्ज केला, आणि ४ जून १९१३ रोजी बडोदे सरकारशी करारनामा झाला. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. डोक्यावरचे छत्र गेल्यापासून हा कागद हाती येईपर्यंत चार महिने गेले. त्या काळात परळच्या घरातून या तरुणाने आपल्या भवितव्याविषयी कोणता अंदाज बांधला असेल याची कल्पनाच केलेली बरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचलेसुद्धा. आजच्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठाच्या पत्रासाठी याहून अधिक दिवस लागतात, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

परंतु मर्जीला जशी घाई असते तशी मुदतही असते. न्यूयॉर्कहून लंडनला जाऊन अर्थशास्त्राचा अभ्यास पुढे चालविला असता, वाढवून मिळालेली मुदत १९१७ च्या उन्हाळ्यात संपली, बडोद्याच्या कारभाराने अधिक काळ मंजूर केला नाही, आणि चालू काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत लंडनच्या प्राध्यापकांनी मिळवून दिली, एवढाच काय तो दिलासा. बडोद्यातली चाकरी तेथे राहावयास जागाच न मिळाल्यामुळे फार दिवस टिकली नाही, ही हकीगत सर्वश्रुत आहे. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या साहाय्याने आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या उसनवारीने ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. म्हणजे अर्धी पदवी शिष्यवृत्तीवर आणि अर्धी पदरच्या पैशावर झाली असेच म्हणावे लागेल. १९१२ चा पहिला शंकरशेट आणि १९०७ चा २८२ गुणांचा विद्यार्थी हे दोघे १९५० साली दिल्लीत एकाच मंत्रिमंडळात बसले, एकाकडे अर्थखाते आणि दुसऱ्याकडे कायदा, याची नोंद केल्यावाचून पुढे जाववत नाही.

उद्योगपतींच्या शिष्यवृत्तीत मर्जीला हिशेबाची शिस्त लागते. जमशेदजी टाटांनी १८९२ साली मुंबईत जी उच्चशिक्षण-योजना सुरू केली ती दानाची नव्हे, कर्जाची होती. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास पैसा द्यावयाचा, तो कमावता झाल्यावर परत घ्यावयाचा, आणि परत आलेल्या पैशातून पुढच्याला पाठवावयाचे. पहिल्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा या स्त्री-डॉक्टर होत्या, आणि १९५७ साली केंब्रिजला निघालेले जयंत नारळीकर याच परंपरेतले. येथे अर्ज आहे, मुलाखत आहे, आणि निकालाची तारीखही आहे. कारण ज्याला पैसा परत हवा असतो तो वेळापत्रक पाळतो. याउलट त्या काळची गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती घ्या. सबंध हिंदुस्थानातून मोजक्याच विद्यार्थ्यांना विलायतेस पाठविणारी ही स्पर्धा, तिची पातळी लंडन विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेची. १८८२ साली तिच्यात कलकत्त्याचे प्रफुल्लचंद्र राय आणि मुंबईचे एक पारशी विद्यार्थी बहादुरजी असे दोघे निवडले गेले. विलायतेतील टपाल बोटीने येत असल्यामुळे अशा निकालांची वाट महिन्यांच्या हिशेबाने पाहावी लागे, आणि आगबोट बंदरात लागली की नाही हे वर्तमानपत्रात पाहणे हा उमेदवाराच्या दिनक्रमाचा भाग होऊन बसे. अमेरिकेतील कॉलेजांनी यावर तोड काढली आहे: प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे उत्तर वसंतात द्यावयाचे आणि विद्यार्थ्याने १ मेपर्यंत कोणते एक कॉलेज ते सांगावयाचे, म्हणजे न घेतलेल्या जागा आणि रकमा प्रतीक्षायादीवरच्यांना खुल्या होतात. श्रीमंत देशाला हे जमते, कारण तेथे कॉलेज स्वतःच दाता असते.

आता सरकारी खजिना. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाल्यावर आंबेडकरांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचा जो खलिता सादर केला त्यात उच्च शिक्षणाचा प्रश्न प्रमुख होता, आणि त्यातून वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली. ज्याला स्वतःला एका महाराजांच्या मुंबईतल्या मुक्कामावर विसंबून राहावे लागले होते त्याने अंदाजपत्रकात कलम घालून घेतले, याचे महत्त्व रकमेपेक्षा अधिक आहे. कारण अंदाजपत्रकातील कलमाला मुक्काम नसतो आणि मर्जी नसते, आणि अर्ज करणाऱ्याला कोणाच्या ओळखीची गरज पडत नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची आजची अजस्र योजना या बीजातूनच वाढली.

पण कलमाला कॅलेंडर असते. सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि कॉलेजचे जूनमध्ये; मागील वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाच्या अर्जाला लागतो, आणि रक्कम मिळते ती बहुधा पुढच्या वर्षी. दक्षिण-मध्य मुंबईतल्या मनुष्याला हा दाखला मिळवण्यासाठी फोर्टमधल्या जुन्या कस्टम हाउसात, जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत, जावे लागे. आता तो सेतू केंद्रातून किंवा घरबसल्या मागता येतो, तरी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंतचा त्याचा प्रवास चुकत नाही. या पद्धतीतला दोष १९८२ साली लालबाग-परळला जितका उघडा पडला तितका क्वचित पडला असेल. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. जूनमध्ये कॉलेजात जाणाऱ्या मुलाने अर्ज केला तेव्हा मागील आर्थिक वर्षाच्या दाखल्यावर वडिलांचा साडेनऊ महिन्यांचा पगार रीतसर दिसत होता, आणि घरात मात्र पाच महिने दिडकी आली नव्हती. दाखला खरा होता, शिक्का खरा होता, सही खरी होती. खोटी पडली होती ती फक्त परिस्थिती. वर्षभराने त्याच घरच्या दाखल्यावर शून्य आले तेव्हा कित्येक मुलांचे शिक्षण सुटून गेलेले होते.

हल्ली हे सर्व ‘महाडीबीटी’ नावाच्या संकेतस्थळावर चालते. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाच्या पडद्यावर जातो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या साहाय्यक आयुक्तांच्या, आणि प्रत्येक टेबलावर तो ‘अंडर स्क्रूटिनी’ असतो. एखादा दाखला अस्पष्ट निघाला की तो परत येतो, आणि मुले एकमेकांना ‘सेंट बॅक आला रे’ असे सांगतात त्या सुरात पूर्वीच्या ‘नामंजूर’ शेऱ्याची सगळी निराशा उतरलेली असते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२० अखेरच्या निर्णयानुसार साठ टक्के भार केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. राज्याने आपला वाटा सोडल्यावर केंद्राचा वाटा विद्यार्थ्याच्या आधार-जोडलेल्या बँकखात्यात परस्पर जमा होतो. पूर्वी पैसा कॉलेजकडे जाई आणि वाट कॉलेजने पाहावी लागे. आता पैसा विद्यार्थ्याकडे येतो, तो त्याने कॉलेजला द्यावयाचा असतो, म्हणून वाटही त्यालाच पाहावी लागते आणि मधल्या काळात कॉलेजच्या तगाद्यालाही त्यालाच तोंड द्यावे लागते. दोन खजिने एका रकमेत मिळाले की विलंब दोहोंचा मिळून होतो, हे सांगावयास कोणा लेखापालाची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्कयोजना आठ लाख उत्पन्नापर्यंतच्या घरांना लागू आहे, तिचीही रीत अशीच. पुष्कळदा अडते ते क्षुल्लक गोष्टीवर: गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेच्या पुस्तकात वडिलांचे नाव गळलेले, की यंत्राला तीन निराळी माणसे दिसतात. प्रवेशाच्या महिन्यातच ही तिन्ही नावे शेजारी ठेवून ताडून पाहावीत. ऑगस्टनंतर ती दुरुस्त करण्यात सबंध सत्र जाते.

राहता राहिल्या गिरगाव-दादरच्या ज्ञातिसंस्था, स्नेहवर्धक मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे. यांचे निधी लहान, दाते दोन गल्ल्या पलीकडे राहणारे, समिती पाचसहा निवृत्त गृहस्थांची. आणि आश्चर्य असे की या सर्वांत लहान रकमा सर्वांत आधी मिळतात, कारण सही करणारा आणि पैसा देणारा एकाच टेबलाशी बसलेला असतो. अर्ज संध्याकाळी कचेरी उघडल्यावर मिळतात, गुणपत्रिकेची आणि शिधापत्रिकेची साक्षांकित प्रत पुरते, आणि जुलै-ऑगस्टच्या एखाद्या रविवारी सकाळी सभागृहात गुणगौरव समारंभ होऊन पाकीट हातात पडते. समारंभास विद्यार्थ्याने स्वतः हजर राहावे अशी अट बहुतेक ठिकाणी असते, आणि त्या दिवशी कोणत्या तरी प्रवेशपरीक्षेचा वर्ग आहे ही सबब समितीतले गृहस्थ सहसा मान्य करीत नाहीत.